एक उकार

कत्तिरी लागली. कॅलेंडरवर तसं छापलेलं असतंच, पण मला ते नेहमी नळावरून कळतं. सकाळी सातला तोंडावर पाणी मारलं आणि ते कोमट नव्हतं, चक्क कढत होतं. गच्चीवरच्या टाकीनं रात्रभर ऊन सांभाळून ठेवलेलं असतं आणि सकाळी ते आपल्या ओंजळीत घालते. मी बादलीभर पाणी काढून बाजूला ठेवलं, निवेल तेव्हा निवेल म्हणून.

आपल्याकडे मृग, आर्द्रा अशी पावसाची नक्षत्रं धरतात. चेन्नईत उन्हालाही नक्षत्र आहे, अग्निनक्षत्र. मे महिन्याच्या सुरुवातीला येतं आणि महिना सरत आला की जातं. बोलताना मात्र कुणी त्याला अग्निनक्षत्र म्हणत नाही, कत्तिरी म्हणतात. कत्तिरी म्हणजे सरळ कात्री. ‘कात्रीत सापडणे’ हा वाक्प्रचार आम्ही सांगलीच्या शाळेत ‘वाक्यात उपयोग करा’ म्हणून शिकलो होतो. लग्न होऊन इथं आले आणि पहिल्याच मे महिन्यात तो अंगावर शिकले. दुपारी डांबर चपलेला चिकटतं, कावळे चोच उघडी ठेवून बसतात, आणि सगळं शहर समुद्रावरच्या वाऱ्याची वाट बघतं. आम्ही पश्चिमेकडच्या उपनगरात. आमच्यापर्यंत तो वारा येतो तो वाटेत सगळ्यांना वाटून उरलेला, संध्याकाळी उशिरा आणि तोही मनात असेल तर.

दरवर्षी हे ऊन आलं की मला ते एक वर्ष आठवतं. आठवतं म्हणण्यापेक्षा ते येऊन बसतं. त्याला कुणी बोलवावं लागत नाही.

आमचे हे शहराबाहेरच्या सरकारी कारखान्यात होते. तिथं लष्कराच्या गाड्या बनतात. हे तपासणी विभागात होते, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात केसाएवढी चूक शोधायची आणि तिच्यावर खडूनं फुली मारायची. ही सवय घरीही होतीच. पोळीचा काठ जाड राहिला तर ताटात ती पोळी अशी फिरवायचे की मला वाटायचं आता खिशातून खडू निघतो. मी म्हणायचे, “अहो, मारा फुली आणि जेवा.” मग हसायचे. हसणं मोठं होतं त्यांचं, जिन्यात ऐकू जायचं.

तमिळ आम्हाला दोघांनाही आली ती ठेचकाळत. मला तर पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं दारात येऊन विचारलं, “मोर वेणुमा?” मी घाबरून तिच्या मागं बघितलं. मोर म्हणजे ताक, हे मला संध्याकाळी कळलं. यांची गंमत त्याहून मोठी होती. तमिळमध्ये ‘वेणुम’ म्हणजे हवं आणि ‘वेणाम’ म्हणजे नको. हवं आणि नको यांच्यात फरक एवढाच, एकीकडे उकार आणि दुसरीकडे काना. कारखान्याच्या उपाहारगृहात चहावाला विचारायचा, “साखर?” आणि हे ऐटीत म्हणायचे, “वेणाम.” कित्येक महिने बिनसाखरेचा चहा प्यायले आणि घरी येऊन सांगायचे, “या लोकांना चहाच करता येत नाही.” चूक लक्षात आल्यावर चहावाल्यावर नाही, स्वतःवर चिडले. दुसऱ्यावर फुली मारणाऱ्या माणसाला आपली चूक फार लागते.

त्यांना तो शब्द पक्का करून दिला अंबुजाबाईंनी. अंबुजाबाई आमच्या दुसऱ्या बाजूच्या शेजारी, तंजावूरच्या मराठी. त्यांच्या कितीतरी पिढ्या इकडंच गेल्या, पण घरात मराठी राखलेली. तीही अशी जुनी की आपण पोथीशी बोलतोय असं वाटावं, आणि वर हेल तमिळचा. त्या म्हणाल्या, “अहो, वेणू कोणास नको? गोकुळांत सगळ्यांस पाहिजें. वेणू पाहिजें, म्हणून वेणुम म्हणजे पाहिजें. इतकें ध्यानांत ठेवा, पुरें.” यांनी ते असं ध्यानात ठेवलं की पुढं कधी चुकले नाहीत. नव्यानं बदली होऊन आलेल्या मराठी पोरांना स्वतः शिकवायचे, दोन्ही हात ओठाशी नेऊन बासरी धरल्यासारखे करायचे आणि ओठांचा चंबू करून म्हणायचे, “वेणुम!”

निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते तेव्हा पोंगलच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, सुट्टीत यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय, हात, आणि तोंडाचा उजवा कोपरा. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. मी मान डोलावली. पण त्यांच्या त्या एका बाजूला ओघळलेल्या ओठाकडं बघून मला निभावल्यासारखं काही वाटेना. बोलणं होतं, पण जड, तोंडात काहीतरी ठेवून बोलल्यासारखं. मराठी मला कळायची. इतरांना दोनदा सांगावं लागायचं, आणि दोनदा सांगणं हा यांचा स्वभाव नव्हता.

व्यायाम शिकवायला एक मुलगी येत असे. रोज तिचं एकच, “नडंग सार, नडंग.” चाला साहेब, चाला. मला तो शब्द ऐकला की वाईट हसू यायचं. आपल्याकडं नड म्हणजे अडचण. माणूस नडलेला असतो तेव्हा त्याला ‘नड, नड’ म्हणणारी ही कसली भाषा, असं वाटायचं. पण ती पोरगी खरं तेच सांगत होती. चाललात तर पाय परत येईल, नाही चाललात तर उरलाय तोही जाईल.

चालायचं कुठं? आम्ही दुसऱ्या मजल्यावर. खाली उतरलं की रस्ता, आणि रस्त्यावर पहाटेपासून श्रीपेरुंबुदूर, ओरगडमच्या कारखान्यांना माणसं नेणाऱ्या बसगाड्या. त्या अंगावरून गेल्या की काठीसकट माणूस हलायचा. उरलेल्या जागेत गटारासाठी खणलेला चर होता, तो भरायचं कुणाच्या मनात नव्हतं. आम्ही आठवडाभर प्रयत्न केला. एकदा दुचाकीचा आरसा यांच्या कोपराला लागला आणि ती चालवणारा माणूसच उलट ओरडून गेला. त्या दिवसापासून चालणं गच्चीवर. पाण्याच्या टाकीभोवती गोल, वाळत घातलेल्या लुगड्यांमधून वाकून. हे म्हणाले, “घाण्याचा बैल झालोय.” तीन शब्दांना धाप लागली होती त्यांना. मी हसले नाही.

आमच्या उपनगरात एक तलाव आहे. इथं त्याला एरी म्हणतात. दुष्काळाची वर्षं गेली तेव्हा तो भेगाळून पडला होता, पोरं त्यात क्रिकेट खेळायची, आणि आम्ही बायका रंगीबेरंगी कुडम, म्हणजे प्लॅस्टिकच्या घागरी, घेऊन टँकरमागं धावायचो. मग एका वर्षी पाऊस असा झाला की घरात पाणी शिरलं, आणि तलाव मात्र काठोकाठ भरला. त्याच्या बांधावर वेडी बाभूळ माजली होती, काचा होत्या, म्हशी होत्या. धडधाकट माणूसही तिथं जपूनच जाई. पण आमच्या गच्चीवरून पाणी दिसायचं. यांच्या टाकीभोवतीच्या फेऱ्यांत एक जागा अशी होती की तिथं आलं की हे थांबायचे. मला वाटायचं दमले म्हणून थांबतात. ते तलाव बघत असायचे.

सेल्वी आमच्या वॉर्डातली नगरसेविका. जागा बायकांसाठी राखीव झाली आणि नवऱ्याऐवजी तिला उभी केली. सगळ्यांना वाटलं सही करायला उभी केलीय, पण ती निघाली कामाची. जिने चढून घरोघर जायची. पंगुनी महिन्यात, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आसपास, ती आमच्याकडं आली आणि म्हणाली, “अम्मा, नगरपालिका राज्य सरकारकडं अनुदान मागणार आहे. एरीभोवती नडैपादै करायची. चालायची वाट, पूर्ण गोल. बाकं, दिवे, कडुनिंब. आमच्या तिजोरीत एवढे पैसे नाहीत. पण सरकारनं दिले तर होईल.” तिनं एक नकाशा टेबलावर पसरला.

हे आरामखुर्चीत होते. पोंगलपासून त्यांनी कशात लक्ष घातलं नव्हतं, वर्तमानपत्रातही नाही. त्या दिवशी ते स्वतःचे स्वतः उठले, काठी टेकत टेबलाशी आले आणि डाव्या हाताचं बोट त्या नकाशावरच्या गोलावरून हळूहळू फिरवलं. पूर्ण. मग मला म्हणाले, “कठडा विचार.” मी विचारलं. सेल्वीनं सांगितलं, पाण्याच्या बाजूनं कठडा असेल. यांनी विचार केला. देवाच्या प्रदक्षिणेसारखं चाललं तर पाणी उजव्या हाताला येणार, आणि उजवा हात तर कामाचा नाही. म्हणाले, “मी उलटा चालेन. देवाला उलटी प्रदक्षिणा चालत नाही. तलावाला काय त्याचं.” आणि हसले. ते जुनं जिन्यात ऐकू जाणारं हसणं नव्हतं, अर्ध्याच तोंडानं आलेलं होतं. पण हसणंच होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावला आणि रडून घेतलं. आनंदाचं रडणं मला त्यानंतर आलेलं नाही.

मग त्या वाटेनं घराचा ताबाच घेतला. तलावाला एक फेरी, कठड्याला धरून, पण माणसाचा हात न धरता. एवढंच त्यांना हवं होतं. दुसरं काही त्यांनी त्या दिवसांत मागितलं नाही, देवाकडंही नाही आणि माझ्याकडंही नाही. गच्चीवरच्या फेऱ्या वाढल्या. व्यायामाची पोरगी म्हणाली, “सार आता स्वतःच नडतात.” मी म्हटलं, मग, कारखान्यातला माणूस आहे. मुदत दिली की काम होतं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे इकडंही खरंच आहे. चैत्र गेला, कत्तिरी लागली, तेव्हा निरोप आला की राज्याचा अधिकारी जागा बघायला येणार. सेल्वी पुन्हा जिना चढून आली. “लोकांना खरंच हवंय का, हे ते विचारतील,” ती म्हणाली. “सार बोलले तर बरं. केंद्र सरकारचा माणूस, त्यात तब्येत अशी. त्यांच्या तोंडून आलं तर वजन पडेल. फार नको. नडैपादै वेणुम, एवढं म्हणाले तरी पुरे.”

मी म्हणणार होते, नको त्यांना दगदग. पण त्यांनी आधीच मान हलवली होती.

दोन शब्दांची तयारी माणूस किती करू शकतो, ते मी त्या दिवसांत बघितलं. पहाटे गच्चीवर गार असतं तेवढ्या वेळात म्हणायचे. “नडैपादै वेणुम.” टाकीला वळसा. “नडैपादै वेणुम.” पहाटे स्पष्ट यायचं. मी खाली भाजी निवडत असायचे आणि वरून ते ऐकू यायचं. अंबुजाबाई त्यांच्या खिडकीतून म्हणायच्या, “आज तर अगदीं शुद्ध आलें हो!” दुपारी मात्र ऊन चढलं की जीभ पुन्हा जड व्हायची. तेव्हा ते म्हणायचेच नाहीत. कार्यक्रम सकाळी नऊचा होता. आम्ही त्याचा फार विचार केला नाही.

नऊचा कार्यक्रम. बांधावर मांडव घातला होता, बाभळी थोड्या तोडून जागा केली होती. माठांतून ताक आणलं होतं, कढीपत्ता आणि मिरची घातलेलं पातळ ताक, जे कत्तिरीत इथं चौकाचौकांत फुकट देतात. अधिकारी आले नाहीत. दहा झाले. अकरा झाले. मांडवाचं कापड रंगीत होतं, त्यातून ऊन लाल होऊन खाली येत होतं, आणि पाण्यावरून वाफ आल्यासारखी झळ येत होती. लोक उठून जात होते, परत येत होते. हे उठले नाहीत. इस्त्रीचा पांढरा सदरा, काठी मांडीवर. मी दोनदा म्हटलं, “अहो, सावलीत घरी जाऊन बसू, ते आले की येऊ.” ते म्हणाले, “जिना पुन्हा कोण चढणार?” खरं होतं. मी ताकाचा पेला त्यांच्या ओठाशी धरला, उजव्या कोपऱ्यातून ओघळलं. मी पुसलं. त्यांना ते आवडलं नाही. लोक बघत होते.

साहेब आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. माणूस वाईट नव्हता, हसतमुख होता, रुमालानं सारखा मान पुसत होता. नगराध्यक्ष बोलले, सेल्वी बोलली, आणि मग तिनं यांना पुढं बोलावलं. मी हात दिला तो यांनी घेतला नाही. काठीवर एकटे गेले, चार पावलं. ध्वनिक्षेपक हातात घेता येणार नव्हता म्हणून सेल्वीनं तो तोंडाशी धरला.

“नडैपादै,” हे म्हणाले. मग थांबले. मला त्यांची मान मागून दिसत होती, ती ताठ झाली. आणि मग मोठ्यानं, सगळ्या तलावाला ऐकू जाईल असं, “वेणाम.”

वाट नको.

क्षणभर कुणाला काही कळेना, मग मांडवात हशा पिकला. दुष्टपणाचा नव्हता तो. तीन तास उन्हात बसलेल्या माणसांना काहीही पुरतं. साहेबही हसले आणि म्हणाले, “सार तर वेणाम म्हणतायत!” अंबुजाबाई मागून ओरडत होत्या, “वेणुम! वेणुम म्हणताहेत ते!” पण तोवर सेल्वीनं ध्वनिक्षेपक परत घेतला होता, तीही हसत होती, काहीतरी सावरून बोलली आणि टाळ्या झाल्या. यांनी पुन्हा तोंड उघडलं होतं. ते कुणी बघितलं नाही. परत येऊन बसले. ताक वाटणाऱ्या बाईनं वाकून विचारलं, “मोर वेणुमा सार?” यांनी नुसती मान हलवली.

घरी आलो. मी पंखा लावला, पाय पुसले, भात कालवला. जेवले नाहीत. जरा वेळानं मी बघते तर बेसिनच्या आरशासमोर उभे. ओठ पुढं काढायचा प्रयत्न चालला होता. तेव्हा मला कळलं. आकाराला काय, तोंड उघडलं की आ येतो. उकाराला ओठांचा चंबू लागतो, दोन्ही बाजूंनी. पहाटे गारव्यात, विसावलेल्या चेहऱ्यावर तो कसाबसा जमत होता. तीन तासांच्या उन्हानंतर उजव्या बाजूनं साथ सोडली. शब्द त्यांना चांगला आठवत होता. ओठांचा चंबूच झाला नाही. आरशात डावा ओठ पुढं येत होता, उजवा तसाच लोंबत होता, आणि मधून नुसती हवा जात होती. मी दारातून मागं झाले. आयुष्यात एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं, झटका आला तेव्हाही नाही.

मी कितीतरी समजावलं. “अहो, सगळ्यांना कळलंय तुम्हाला काय म्हणायचं होतं.” ते म्हणाले, “हसले.” मी म्हटलं, “हसले ते विसरूनही गेले.” तपासणी विभागातला माणूस. एवढीशी चूक गाडी थांबवते हेच त्यांनी जन्मभर लोकांना सांगितलं होतं. आता त्यांना कोण सांगणार की चालतं एवढं?

आडी महिना लागला, आपला आषाढ. सरकारनं त्या वर्षी कुणाकुणाला पैसे दिले ते जाहीर झालं. शेजारच्या गावाला मिळाले, आम्हाला नाही. त्याच संध्याकाळी मी यांना डॉक्टरांकडून घेऊन येत होते. रिक्षातून उतरताना कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरून एक जण दुसऱ्याला हसत म्हणाला, “मिळणार कसे? आपल्याच सारनी वेणाम सांगितलं ना!” त्यानं आम्हाला बघितलंही नव्हतं. चहाबरोबर तोंडी लावायला काहीतरी लागतं माणसाला. पण यांचे कान चांगले होते.

जिना चढून वर आल्यावर म्हणाले, “माझ्यामुळं गेलं.”

“असं कुठं असतं का हो? सरकार काय एका शब्दावर पैसे देतं?”

“नाही म्हटलं मी. सगळ्यांसमोर. मग कशाला देतील?”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गच्चीचं कुलूप काढलं. हे उठले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. व्यायामाची पोरगी यायची, “नडंग सार,” म्हणायची, विनवायची, शेवटी माझ्याकडं बघायची. मी रागावले, रडले, मुलीला नाशिकहून बोलावलं. ती बापाच्या पायाशी बसून राहिली. ते तिच्या केसांवरून डावा हात फिरवायचे, पण उठायचे नाहीत. तमिळ त्यांनी त्यानंतर तोंडातून काढली नाही. दूधवाल्याशीही नाही. सेल्वी एकदा भेटायला आली तर डोळे मिटून पडून राहिले. तिला वाटलं झोपलेत. मग हळूहळू मराठीही कमी झाली. ‘हो’ नाही, ‘हवं’ नाही, मानेनंच सगळं. उरलेला पायही गेला. मार्गळी महिन्यात, आपल्या मार्गशीर्षाच्या सुमाराला, देवळातले भोंगे पहाटे सुरू होतात त्या दिवसांत, ते गेले. डॉक्टरांनी कारण दुसरं लिहिलं. मी वाद घातला नाही.

मी इथंच राहिले. मुलगी म्हणते नाशिकला ये, पण तिथं मला कुणी ‘अम्मा’ म्हणणार नाही. हे कारण तिला सांगता येत नाही.

आणि वाट झाली. दोन वर्षांनी नगरपालिकेनं पुन्हा मागणी केली, सरकारनं पैसे दिले, आणि बाभळी निघाल्या, म्हशी दुसरीकडं गेल्या. आता तिथं लाल-करड्या फरशांची वाट आहे, पाण्याच्या बाजूला कठडा आहे, कडुनिंब अजून माझ्या कमरेएवढेच आहेत. पहाटे सगळं गाव तिथं असतं. पायांत पांढरे बूट घातलेल्या बायका, हात जोरात हलवणारे निवृत्त लोक, कारखान्याची रात्रपाळी संपवून आलेली डोळे चोळणारी मुलं. बगळे येतात. सूर्य पाण्यातून वर आल्यासारखा येतो. चांगली वाट आहे, खोटं कशाला बोलू? सुरुवातीला मला तिचा इतका राग होता की मी लांबून वळसा घालून बाजारात जायचे. मग एक दिवस गुडघ्यांनी निर्णय घेतला आणि मी गेले. मी उलटी चालते. सगळे समोरून येतात, कुणी कुणी खुणेनं सांगतात की अम्मा, या बाजूनं. मी हसून पुढं जाते.

परवा, कत्तिरी लागायच्या आदल्या दिवशी, सेल्वी समोरून आली. आता ती नगरसेविका नाही, अंगानं सुटलीय, साखर आहे म्हणून डॉक्टरांनी चालायला लावलंय. दोघींनाही दम लागला होता. बाकावर बसलो. तिनं सूनबाईचं गाऱ्हाणं सांगितलं, मी आंब्याचे भाव सांगितले. आणि मग, इतकी वर्षं मनात धरलेलं मी विचारलं. त्या वर्षी पैसे मिळाले नाहीत, ते सारच्या बोलण्यामुळं का?

“कुठल्या वर्षी, अम्मा?”

मांडव घातला होता, साहेब उशिरा आले होते, ते वर्ष. तिनं आठवायचा प्रयत्न केला. कपाळावरचा घाम पुसला.

“हां, ते! त्या वर्षीचे पैसे शेजारच्या गावाला द्यायचं आधीच ठरलं होतं. आम्हाला नंतर कळलं. ते साहेब आले ते नुसते येऊन गेले, दौरा दाखवायला.” मग माझ्याकडं वळून तिनं अगदी सरळ मनानं विचारलं, “सार बोलले होते का तेव्हा? काय म्हणाले होते?”

मी तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. त्या मांडवात हसलेल्यांपैकी कुणालाच आठवत नसणार. ज्या शब्दासाठी आमच्या घरात एक माणूस भिंतीकडं तोंड करून पडून राहिला, तो या गावात दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकला नव्हता, आणि टपरीवर टिकला तो एका चहापुरता. हे त्यांना कळलं असतं तर? मला हंबरडा फोडावासा वाटला, त्या बाकावर, सकाळी सकाळी, सगळ्यांसमोर.

“नडैपादै वेणुम,” मी म्हणाले. “असं म्हणाले होते.”

“मग मिळाली की, अम्मा,” सेल्वी म्हणाली, आणि उठायला मदत हवी म्हणून तिनं माझ्यापुढं हात केला.